डोकरियानी बमक: लहान हिमनदीचा जमाखर्च कसा मांडतात

गढवालात हिमनदीला ‘बमक’ म्हणतात. उत्तरकाशीहून गंगोत्रीला जाताना भागीरथीच्या काठी भुक्की गाव लागतं. तिथे दीनगाड नावाचा ओढा वरून येऊन भागीरथीला मिळतो. त्या ओढ्याच्या कडेने जंगलातून चढत गेलं की तेला कॅम्प, मग गुज्जर हट आणि त्यापुढे बेस कॅम्प येतो. त्याच्याही वर आहे डोकरियानी बमक. कुणी डोकरानी असंही लिहितात. लांबी जेमतेम साडेपाच किलोमीटर, क्षेत्रफळ सुमारे 7 चौरस किलोमीटर. गंगोत्री हिमनदी याच भागीरथीच्या खोऱ्यातली आणि ती तीस किलोमीटर लांब, त्यामुळे डोकरियानी तिच्यापुढे पोरच वाटते. पण हिमालयातल्या हिमनद्यांबद्दल मोजून-मापून जे कळलं आहे, त्यात या लहान बमकाचा वाटा मोठा आहे. देहरादूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेने तिच्यावर अनेक वर्षं काम केलं आहे.

महाराष्ट्रातल्या गिर्यारोहकांनाही ही जागा परकी नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे, म्हणजे ‘निम’चे, बर्फावरचे धडे याच बमकावर दिले जातात. पुण्या-मुंबईच्या कितीतरी पोरापोरींनी पहिल्यांदा क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखालचे लोखंडी काटे, बांधले ते इथेच.

हिमनदीची बातमी आपल्यापर्यंत पोचते ती बहुतेक वेळा एकाच वाक्यात: अमुक हिमनदी इतके मीटर मागे सरकली. वाक्य खरंच असतं, पण हिमनदीची तब्येत त्यावरून नीट कळत नाही. ती कळते जमाखर्चावरून. वर्षभरात वर किती हिम पडून टिकलं आणि खाली किती बर्फ वितळला, हा तो हिशेब. तो मांडतात कसा आणि कुठे चुकू शकतो, हे एकदा समजलं की पुढची प्रत्येक बातमी वेगळ्या नजरेने वाचता येते.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणू

बमकाच्या माथ्यावर दोन बाजूंनी शिखरं आहेत. एकीकडे 6,632 मीटर उंचीचं जाओनली, दुसरीकडे साडेपाच हजार मीटरच्या वर गेलेला द्रौपदी का डांडा. शिखरांच्या कुशीत डोंगर कोरून झालेले वाडग्यासारखे खोलगट भाग आहेत. भूगोलाच्या पुस्तकात त्यांना हिमगव्हर म्हटलं जातं. अशा दोन हिमगव्हरांतलं बर्फ खाली येऊन एक होतं आणि तिथून बमक सुरू होतं. आधी सुमारे दोन किलोमीटर उत्तर-वायव्येकडे, मग वळण घेऊन पश्चिम-नैर्ऋत्येकडे. समुद्रसपाटीपासून साधारण 3,900 मीटरवर ते संपतं. हे खालचं टोक म्हणजे बमकाचं तोंड. कळसूबाई 1,646 मीटरची. दोन कळसूबाया एकावर एक रचल्या तरी बमकाच्या तोंडापर्यंत पोचायला सहाशे मीटर कमीच पडतात.

खालच्या भागात दोन्ही कडांना दगडमातीचे उंच बांध आहेत. हे पार्श्व हिमोढ. ट्रेकर मंडळी सरळ मोरेन म्हणतात. हिमनदी जाड होती तेव्हा तिने कडेला ढकललेला हा गाळ. आज बर्फाची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा बरीच खाली आहे, आणि पूर्वीची पातळी डोळ्यांनी पाहायची असेल तर याच्याइतका चांगला पुरावा नाही. बांधाची बाहेरची बाजू गवत धरून स्थिर झालेली असते. आतली बाजू मात्र कच्ची असते. पूर्वी तिला बर्फाचा टेकू होता, तो गेला. दुपारी ऊन लागलं, मातीत अडकलेलं बर्फ सुटलं की तिथून दगड सुटतात. म्हणून वाट नेहमी माथ्यावरून किंवा बाहेरच्या अंगाने धरायची.

हिमापासून बर्फ

मराठीत आपण आकाशातून पडणाऱ्या भुरभुरीत पांढऱ्याला आणि फ्रीजमधल्या खड्यालाही बर्फच म्हणतो. इथे दोन शब्द वेगळे ठेवू: पडतं ते हिम, दाबून घट्ट होतो तो बर्फ. नुकत्याच पडलेल्या हिमाचं वजन एका घनमीटरला साधारण 50 ते 200 किलो. त्यात बहुतेक हवाच असते. ते बसतं, थोडं वितळतं, पुन्हा गोठतं, वर नवे थर चढतात. एक उन्हाळा काढून टिकलेलं हिम साखरेसारखं दाणेदार होतं आणि वजन 400 ते 800 किलोपर्यंत जातं. 830 किलोच्या आसपास दाण्यांमधल्या हवेच्या वाटा बंद होतात आणि उरलेली हवा बुडबुड्यांत कोंडली जाते. इथून पुढे तो हिमनदीचा बर्फ, घनमीटरला 900 किलोच्या घरातला.

जाडी पुरेशी झाली की स्वतःच्याच वजनाने बर्फ उतारावर सरकतो. आतून तो घट्ट मधासारखा हळूहळू वाहतो आणि तळाशी पाणी असेल तर खडकावरून घसरतोही. वरचा थर मात्र कडक असतो, त्याला ताणलं की तो तडकतो. त्या भेगा म्हणजे क्रेव्हास. जिथे उतार एकदम वाढतो, वळण येतं किंवा कडेच्या खडकाशी घर्षण होतं, तिथे त्या हमखास असतात. फार खोल गेल्या की खालचा मऊ वाहता बर्फ त्यांना मिटवून टाकतो, म्हणून बहुतेक भेगा काही दहा मीटरच्या आतच संपतात. बर्फाच्या मानाने ही खोली काहीच नाही, माणसाच्या मानाने भयंकर आहे.

डोकरियानीवर 1990च्या दशकात रडारने बर्फाची जाडी मोजली गेली. रडारच्या लहरी बर्फातून आरपार जातात आणि तळाच्या खडकावर आपटून परत येतात; परत यायला लागलेल्या वेळेवरून जाडी काढतात. ती 15 ते 120 मीटर भरली, सरासरी साधारण 50 मीटर.

जमेची बाजू, खर्चाची बाजू

बमकाच्या वरच्या भागात वर्षभरात जेवढं हिम पडतं त्यातलं सगळं उन्हाळ्यात जात नाही, काही उरतं. खालच्या भागात हिवाळ्याचं हिम तर जातंच, खालचा जुना बर्फही वितळतो. मध्ये कुठेतरी एक उंची असते जिथे जमा आणि खर्च समसमान होतात. ती समतोल रेषा. 1992 ते 2000 या काळातल्या मोजणीत डोकरियानीची समतोल रेषा 5,030 ते 5,100 मीटरच्या दरम्यान हलताना दिसली.

जमा दोन वाटांनी येते. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वारे हिम आणतात. जून ते सप्टेंबर मान्सून इथवर पोचतो आणि बेस कॅम्पच्या उंचीवर तो पाऊस म्हणून पडतो, वरच्या हिमगव्हरांत हिम म्हणून. म्हणजे ज्या महिन्यांत खाली सर्वात जास्त वितळतं, त्याच महिन्यांत वर भरणाही होत असतो. या गोष्टीमुळे इथल्या हिमनद्या उन्हाळ्याच्या तापमानाला फार हळव्या आहेत. ऑगस्टमध्ये हवा थोडी उबदार झाली की शून्य अंशाची उंची वर सरकते आणि मधल्या पट्ट्यात हिमाऐवजी पाऊस पडतो. भरणा बुडतो, हे पहिलं नुकसान. दुसरं त्याहून मोठं असतं. ताजं हिम अंगावर पडणाऱ्या उन्हातला 80 टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतं; मळका बर्फ 20–30 टक्केच परत पाठवतो आणि बाकीचा शोषून घेतो. ऑगस्टमधली एक चांगली हिमवृष्टी खालच्या बर्फावर पांढरी चादर घालते आणि काही दिवस वितळणं जवळपास थांबवते. ती चादर न पडणं महागात पडतं.

खर्चाच्या बाजूला अंगावरच्या दगडमातीचाही हात असतो. धुळीचा पातळ थर, एक-दोन सेंटिमीटरपर्यंतचा, ऊन शोषून खालच्या बर्फाला ते देत राहतो आणि वितळणं वाढवतो. थर वीतभर किंवा जास्त जाड झाला की तोच गोधडीसारखा आड येतो आणि वितळणं कमी होतं. म्हणून बमकाच्या अगदी तोंडाशी, जिथे उंची सर्वात कमी आणि हवा सर्वात उबदार, तिथे दगडांखाली वितळणं अनेकदा थोडं वरच्या उघड्या बर्फापेक्षा कमी निघतं. नुसत्या उंचीवरून हिशेब करणारा इथे फसतो.

प्रत्यक्ष मोजतात कसं

हत्यार साधंच आहे: बांबू. वाफेने भोक पाडणारं यंत्र पाठीवरून वर नेतात. लहान बॉयलरमधली वाफ रबरी नळीने टोकाशी सोडली की बर्फात अंगठ्यापेक्षा थोडं मोठं भोक पडत जातं. दोन-दोन मीटरचे बांबू एकमेकांना जोडून त्या भोकात सोडतात. समजा ऑक्टोबरमध्ये 8 मीटर बांबू पूर्ण आत गेला, वरचं टोक बर्फाशी बरोबर. पुढच्या ऑक्टोबरमध्ये साडेतीन मीटर बांबू उघडा दिसला, तर तिथे साडेतीन मीटर बर्फ गेला. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून 0.9 ने गुणायचं: 3.15 मीटर पाणी. सगळा हिशेब असा पाण्यातच ठेवतात, नाहीतर भुरभुरीत हिमाचा मीटर आणि घट्ट बर्फाचा मीटर सारखाच मोजला जाईल.

वर, समतोल रेषेच्या पलीकडे, बांबूवर भागत नाही. तिथे खड्डा खणावा लागतो. उन्हाळ्याच्या शेवटी पृष्ठभागावर धूळ साचते आणि पुढचं हिम तिच्यावर पडतं. खड्ड्याच्या भिंतीत ती रेघ करड्या-तपकिरी रंगाची दिसते, कधी तिच्या खाली बोटभर जाडीचा पुन्हा गोठलेला बर्फाचा पापुद्राही असतो. त्या रेघेपासून वरचं सगळं या वर्षाचं. ठरावीक मापाचं नळकांडं भिंतीत आडवं खुपसून हिमाचे नमुने काढायचे, तराजूवर तोलायचे. 1.6 मीटर हिम निघालं आणि घनमीटरला वजन 500 किलो भरलं, तर भरणा 0.8 मीटर पाणी.

मग नकाशा उंचीच्या पट्ट्यांत वाटतात, साधारण शंभर-शंभर मीटरच्या. प्रत्येक पट्ट्यातला आकडा त्या पट्ट्याच्या क्षेत्रफळाने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्षेत्रफळाने भागायचं. उत्तर ऋण आलं तर बमक त्या वर्षी तोट्यात.

चुका कुठे होतात, हे मोजणाऱ्यांना पाठ असतं. बांबू पुरेसा खोल गेला नाही तर उन्हाळा संपण्याआधीच आडवा पडतो आणि वर्षाचं मोजमाप जातं. बांबू बर्फाबरोबर खाली सरकतो, म्हणून दरवर्षी त्याची जागाही नव्याने नोंदवावी लागते. उन्हात तापलेला बांबू आपल्याभोवतीचा बर्फ जास्त वितळवतो आणि बुडाशी वाटी तयार होते. माप वाटीच्या तळापासून घेतलं तर आकडा फुगतो, म्हणून आजूबाजूच्या सपाटीवर पट्टी आडवी टेकवून माप घ्यायचं. मोजणीची तारीख फार महत्त्वाची. हिशेबाचं वर्ष साधारण ऑक्टोबरपासून धरतात. पोचायला उशीर झाला आणि नवीन हिम पडून गेलं, तर जुन्या वर्षाची रेघच गाडली जाते. आणि सर्वात अवघड जागा म्हणजे हिमगव्हरांच्या भिंती. तिथून कोसळणारं हिम बमकाला मोठं खाद्य पुरवतं, पण अशा ठिकाणी खड्डा खणायला माणूस पाठवता येत नाही. तो भाग अंदाजानेच धरावा लागतो.

डोकरियानीचा ताळेबंद

1992 ते 2000 या काळात, मधली दोन वर्षं वगळता, अशी मोजणी झाली. दरवर्षी तोटाच निघाला. सरासरी वर्षाला 0.32 मीटर पाणी, आणि 1998–99 मध्ये तो सर्वात जास्त, 0.38 मीटर. वितभराचा आकडा वाटतो. पण 7 चौरस किलोमीटरवर पसरवला की वर्षाला सुमारे 22 लाख घनमीटर पाणी होतं, म्हणजे 220 कोटी लिटर. हे बमक वर्षभरात जितकं पाणी सोडतं त्यातला हा फक्त मुद्दलातून गेलेला भाग.

आता दुसरी वाट पाहू. 1962 चा नकाशा आणि 1995 ची मोजणी यांची तुलना केली तेव्हा बमकातला बर्फ सुमारे 38.5 कोटी घनमीटरवरून 31.5 कोटी घनमीटरवर आलेला दिसला. 33 वर्षांत 7 कोटी, म्हणजे वर्षाला 21 लाख घनमीटर बर्फ; 0.9 ने गुणलं की 19 लाख घनमीटर पाणी. काळ वेगळा, पद्धत पूर्ण वेगळी, तरी आकडे एकमेकांच्या इतके जवळ येतात. क्षेत्रातल्या मोजणीवर विश्वास बसतो तो अशा मेळामुळे.

याच 33 वर्षांत बमकाचं तोंड 550 मीटर मागे गेलं, वर्षाला साधारण 16.6 मीटर. बातमीत येतो तो हा आकडा. तो बिनकामाचा नाही, पण उशिरा आलेल्या पत्रासारखा आहे. वर एखाद्या वर्षी भरणा कमी झाला तर त्याचा परिणाम बर्फाच्या संथ चालीने खाली यावा लागतो. किती वर्षांनी, याचा ढोबळ हिशेब सोपा आहे: बर्फाची जास्तीत जास्त जाडी भागिले तोंडापाशी दरवर्षी वितळणारा थर. इथे 120 मीटर जाडी आणि वर्षाला तीन-चार मीटर वितळणं धरलं तर 30 ते 40 वर्षं येतात. म्हणजे आज तोंडाशी जी माघार दिसते तिच्यात मागच्या पिढीच्या उन्हाळ्यांचाही हिशेब आहे. गंगोत्रीसारख्या लांब हिमनदीत ही दिरंगाई आणखी वाढते. लहान हिमनद्या मोजायला घेण्याचं हे एक मोठं कारण: त्या लवकर बोलतात, आणि संपूर्ण अंगावर बांबू लावणं माणसांच्या आवाक्यात असतं.

या ताळेबंदात एक गोष्ट पहिल्यांदा वाचताना खटकते. समतोल रेषेच्या वरचं क्षेत्र एकूण क्षेत्राच्या जवळजवळ दोन तृतीयांश निघालं. जगभरात ठोकताळा असा की एवढं क्षेत्र वर असेल तर हिमनदी साधारण समतोलात असते. डोकरियानी तरीही तोट्यात. कारण वरच्या मोठ्या भागात भरणा मीटरभराच्या आत-बाहेर, आणि खालच्या लहान भागात खर्च त्याच्या कितीतरी पट. पगार येणारे दोन दिवस आणि उधळपट्टीचा एक दिवस, अशी गत. उपग्रहाच्या चित्रावर हिमरेषा, म्हणजे उन्हाळ्याअखेर हिम जिथवर टिकतं ती कड, पाहून ‘ही हिमनदी ठीक आहे’ असं म्हणताना हे उदाहरण आठवावं.

पाण्याचं घड्याळ

दीनगाडचं पाणी बमकाच्या तोंडाशी दुधात राख कालवल्यासारखं दिसतं. बर्फाने तळाचा खडक दळून केलेलं ते पीठ आहे. उन्हाळ्यात हा ओढा घड्याळासारखा चालतो. रात्री थंडीने वितळणं मंदावतं, पहाटे पाणी सर्वात कमी. दुपारच्या उन्हाचं पाणी बमकाच्या आतल्या बोगद्यांतून वाट काढत काही तासांनी बाहेर पडतं, म्हणून सर्वात मोठा लोंढा उशिरा दुपारी ते संध्याकाळी. ओढा ओलांडायचा असेल तर सकाळीच, आणि परतायला उशीर झाला तर रात्रीचा मुक्काम पलीकडे करायची तयारी ठेवूनच. तोंडाशी बर्फाची गुहा असते. तिच्या छताखाली फोटोसाठी उभं राहणं हा थेट जिवाशी खेळ आहे. छत कोसळण्याआधी काही सांगत नाही.

गुहेतून येणारं सगळं पाणी वितळलेल्या बर्फाचं, असा समज आहे. जुलै-ऑगस्टमध्ये त्यात पाऊस आणि हंगामी हिम मिसळलेलं असतं, आणि खोऱ्यात जसजसं खाली यावं तसतसा पावसाचा वाटा वाढत जातो. बमकाची खरी किंमत कळते ती पाऊस ओढ देतो त्या वर्षी. तेव्हा आकाश स्वच्छ, ऊन जास्त, वितळणं जास्त, आणि ओढा आटत नाही.

शिखरांच्या बाजूला

द्रौपदी का डांडाच्या उतारांवर 4 ऑक्टोबर 2022 रोजी हिमस्खलन झालं आणि निमच्या प्रशिक्षणाच्या तुकडीतल्या 29 जणांचा जीव गेला. देशातल्या गिर्यारोहणाच्या इतिहासातला हा फार मोठा आघात होता. हिम सरकतं ते बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्याहून उभ्या भिंतीवर हिम फारसं साठत नाही, त्याहून सपाट जागी ते सहसा सुटत नाही. धोका वाढतो तो मोठ्या हिमवृष्टीनंतर, विशेषतः वाऱ्याने आणून टाकलेला घट्ट थर खालच्या भुसभुशीत थरावर बसलेला असतो तेव्हा. वरचा थर एका पाट्यासारखा तुटतो. पावलाखाली ‘धप्प’ असा पोकळ आवाज येणं किंवा हिमात भेग धावत जाणं, ही दोन्ही लक्षणं दिसली की तिथूनच मागे फिरायचं. मान्सून सरतानाचं सप्टेंबर-ऑक्टोबरचं हिम चढाईच्या मोसमातच पडतं, म्हणून हवा उघडली या आनंदात लगेच उतारावर जायचं नसतं.

बमकावर चालताना धोका वेगळा असतो. खालच्या भागात ऑक्टोबरमध्ये बर्फ उघडा असतो, भेगा दिसतात. वर हिमाने त्या झाकलेल्या असतात आणि वरून फक्त किंचित दबलेली, थोडी वेगळ्या छटेची पट्टी दिसते. तीन-चार जणांनी एका दोराला बांधून, मध्ये आठ-दहा मीटर अंतर ठेवून, दोर ढिला न पडू देता चालायचं. भेगांची दिशा आडवी असेल तर दोर तिला काटकोनात असावा. दोर आणि भेग समांतर झाली की सगळे एकाच भेगेवर उभे असू शकतात.

कपाटातले जुने फोटो

ज्यांनी ऐंशीच्या किंवा नव्वदच्या दशकात या बमकावर कोर्स केला, त्यांच्या अल्बममध्ये मोजमापाला उपयोगी पडणारी सामग्री पडून आहे. फोटोत मोरेनचा माथा, ओळखू येईल असा एखादा मोठा खडक आणि मागे शिखराची कड, या तिन्ही गोष्टी असतील तर आज त्याच जागी उभं राहून दुसरा फोटो घेता येतो आणि बांधाच्या माथ्यापासून बर्फ किती खचला ते काढता येतं. जागा जुळवायची युक्ती अशी: जुन्या फोटोत जवळच्या खडकाचं टोक मागच्या कड्यावरच्या कोणत्या खाचेवर येतं ते पाहायचं आणि तीच रेघ जुळेपर्यंत डावी-उजवीकडे सरकायचं. शक्यतो सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नवीन हिम पडायच्या आत. मे महिन्यातल्या फोटोत हिवाळ्याचं हिमच बर्फ वाटतं. आणि घरी परतल्यावर, नव्हे शक्य तर तिथेच, फोटोला तारीख, वेळ आणि उभं राहिलेली जागा जोडून ठेवायची. जुन्या फोटोंच्या मागे निदान वर्ष आणि महिना आठवेल तसा पेन्सिलीने लिहावा.